चार वर्षं न घेतलेलं प्रभुभोजन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझं नाव चांगलं होतं, आणि माझं खरं दुखणं तेच होतं. एखाद्याचं नाव वाईट असलं तर लोक त्याला निदान विचारतात, बाबा रे, तुझं प्रभूशी कसं काय चाललंय? मला कुणी विचारत नसे. मी मिशनच्या शाळेत शिक्षिका, स्त्रियांच्या सभेची अध्यक्षीण, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने जे प्रभुभोजन असे त्याची सगळी तयारी माझ्याकडे. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, कुस्करून फडक्यातून रस गाळायचा, बिनखमिराची जाडसर पोळी भाजायची, काचेचे इवलेसे पेले राखेने घासून उन्हात ठेवायचे. बाईंची पोळी कधी करपत नाही, असं लोक कौतुकाने म्हणत. ती पोळी आणि तो रस चार वर्षं मी एकदाही तोंडात घातला नव्हता. हे कुणालाही ठाऊक नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायका एका बाजूला सतरंजीवर बसत. त्या पोळीच्या तुकड्यांची, म्हणजे प्रभूच्या भाकरीची, ताटली हातोहात पुढे सरके. तयारी करणारी म्हणून मी सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून बसे. ताटली माझ्याकडे आली की मी ती मांडीवर धरी, पदर पुढे ओढी, मान खाली घाली आणि रिकामी मूठ तोंडाशी नेई. पेल्याचंही तसंच. ओठाला लावायचा आणि तसाच तबकात ठेवायचा. बाकीच्या बायका डोळे मिटून प्रार्थना करत असत. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला न खाताच खवखवत होतं.

हे असं का झालं, ते सांगायचं तर सगुणेबद्दल सांगावं लागेल.

सगुणा आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवून वाढलो. तिचे आईबाप पटकीत गेले, मग मिशनच्या मडमसाहेबांनी तिला आणलं. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात पट्टी बांधायचं काम करत. दोघींची एकच पेटी होती, तिच्यात एका बाजूला तिचे कपडे, एका बाजूला माझे. तिचा गळा असा होता की भजन सुरू झालं की बाहेर रस्त्यावरचा बैलगाडीवाला गाडी थांबवी. माझा गळा बरा होता, बरा म्हणजे कोणी थांबत नसे. मोठेपणी दोघींची लग्नं मंडळीतच झाली. तिचा नवरा एकटाच ख्रिस्ती झालेला होता. त्याची आई हिंदूच राहिली, पण मुलाच्या घरी राहायची. म्हातारी शेगावच्या गजानन महाराजांची भक्त. घरात एका कोनाड्यात महाराजांची तसबीर, दुसऱ्या भिंतीवर वधस्तंभ, आणि मधे सगुणेची चूल. सासूसुनेचं भांडण मी कधी ऐकलं नाही. उलट म्हातारीला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तेव्हापासून सगुणा तिला आंघोळ घाली, घास भरवी.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मडमसाहेब मायदेशी गेल्या आणि मंडळीचा कारभार आमच्या हाती आला. याचा आनंद मोठा होता आणि तो खराही होता. पण साहेबलोक गेले आणि त्यांच्या खुर्च्या मागे राहिल्या. कोणत्या खुर्चीवर कोण, यावरून ज्या मंडळीत पूर्वी आवाज चढत नसे तिथे गट पडू लागले. आम्हा बायकांच्या सभेचीही पहिल्यांदाच निवडणूक ठरली. अध्यक्षपदाला दोन नावं पुढे आली, सगुणेचं आणि माझं. सगुणा हसून म्हणाली, "मले काय कराचं वं अध्यक्षपद? तूच हो." पण तिने नाव मागे घेतलं नाही, आणि बायका तिच्याच नावाला हात वर करणार हे मला दिसत होतं. मला ते पद हवं होतं. इतकं हवं होतं की रोजच्या प्रार्थनेत ते मी 'तुझी सेवा करण्याची संधी' असं नाव देऊन मागत असे. देवाला फसवायला निघालेली माणसं नेहमी अशीच नावं देतात.

त्याच महिन्यात मी शेगावला गेले होते. माझी धाकटी बहीण तिथे, तिचा नवरा रेल्वेत, तिच्या बाळंतपणासाठी. सकाळी डिंक-खोबरं घ्यायला बाजारात निघाले आणि महाराजांच्या देवळाच्या रस्त्याला एका दुकानाच्या ओट्यावर थांबले. समोर सगुणा. म्हातारीचा हात धरून आली होती. देवळाच्या दाराशी तिने म्हातारीच्या चपला काढल्या, आत जाणाऱ्या एका बाईच्या हातात म्हातारीचा हात दिला, आणि स्वतः त्या चपला हातात घेऊन बाहेर उन्हात उभी राहिली. मी सगळा वेळ पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हातारी बाहेर आली. चाचपडत तिने सगुणेचा चेहरा शोधला, कपाळ शोधलं आणि अंगारा लावला. मग पदरातला प्रसाद काढून तिच्या तोंडात घातला. सगुणेने मान वाकवली, तोंड उघडलं, खाल्लं, आणि वाकून म्हातारीच्या पायात चपला घातल्या. मी तिला हाक मारली नाही. का मारली नाही, हे त्या क्षणीही मला ठाऊक होतं.

गावी परतल्यावर मी शेजारणीला एवढंच म्हटलं, "सगुणेला शेगावात पाहिलं, कपाळाला अंगारा होता." मूर्तिपूजेचा बोल लागायला तेवढं पुरेसं असतं. आठ दिवसांत मंडळीच्या पंचांची बैठक बसली. आमचे मुख्य पंच म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आम्ही दोघी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी मला विचारलं, "तू तिला देवळाच्या दाराशी पाहिलंस?" मी हो म्हटलं. "कपाळाला अंगारा होता? प्रसाद खाल्ला?" हो, हो. सगुणा शांतपणे म्हणाली, "सर, मी अंदर गेली नाही. बुढीच्या चपला घेऊन भायेर उभी होती. हिले इचारा, हिनं पाह्यलं असंन." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आत गेली होती का ती?"

मी शाळेतल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "मी दारात पाहिलं, तेवढंच सांगू शकते."

शब्द न् शब्द खरा, आणि सबंध उत्तर खोटं. सगुणेने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची वीण मोजत बसले.

पंचांनी तिला मंडळीसमोर चूक कबूल करायला सांगितलं. मग प्रकरण मिटलं असतं. ती म्हणाली, "बुढीले दिसत नाही, सर. तिनं माह्या कपाळाले हात लावला तं मी कपाळ मांगं काऊन घेऊ? हे पाप हाय असं मी साऱ्याईसमोर कसं सांगू? बुढीच्या कानावर गेलं तं ते मरून जाईन." ती कबूल झाली नाही. तिला प्रभुभोजनातून बंद केलं. पुढच्या आठवड्यात माझी निवड झाली, बिनविरोध. दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्याला मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं, आणि ते तिघं घर उचलून गेले. मी त्यांना निरोप द्यायला गेले नाही. मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या.

निवडीनंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला मी नवीन अध्यक्षीण म्हणून पोळी भाजली, रस गाळला, पांढरंशुभ्र फडकं अंथरलं. ताटली माझ्यापर्यंत आली आणि माझा हात उचलेना. वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, हा प्रभूचा शब्द मी शाळेत मुलांकडून घोकून घेतलेला. आता तोच माझा हात धरून बसला होता. मला वाटलं, पुढच्या महिन्यात घेईन. पुढच्या महिन्यातही तेच. असे चार वर्षांचे पहिले रविवार गेले. मी आजारी नव्हते, माझ्यावर संकट आलेलं नव्हतं, घरात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त प्रार्थनेला बसले की समोर कुणी नाही असं वाटे. पूर्वी चुलीपाशीसुद्धा प्रभूशी बोलायची सवय होती. आता बोलायला गेलं की आपलाच आवाज कानावर पडे. त्या जुन्या बोलण्याची मला इतकी ओढ लागे की कधी कधी वर्गात पाढे घेता घेता डोळे भरून येत. मुलं म्हणत, बाईंना खडूची धूळ बाधते.

आमच्यात प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा असते. मनं साफ करून यायचं, म्हणून. एका शनिवारी नवीन आलेले तरुण पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, नुसती प्रार्थना नको, ज्याच्याशी काही बिनसलं असेल त्याच्यापाशी उठून जा आणि क्षमा मागा. आधी कुणी हललं नाही. मग एक बाई उठून दुसरीला म्हणाली, माह्या कोंबड्याईनं तुहा सांभाराचा वाफा उकरला, माफ कर वं. सगळे हसले आणि मग धीर आला. कुणी बांधावरून, कुणी पाण्याच्या पाळीवरून, कुणी उगाच लावलेल्या बोलांवरून. दोन जावा गळ्यात पडून रडल्या. मी बसून होते. माझ्यापाशी कुणी आलं नाही. शेवटी सर हसत म्हणाले, "बाईंना कुणाशी काय बोलायचं असणार? यांच्याविरुद्ध मंडळीत एक माणूस सापडायचा नाही." आणि ते खरं होतं. जिच्या मनात माझ्याविरुद्ध काही असायला हवं होतं ती मंडळीत नव्हती. तिला मीच काढलं होतं.

त्या रात्री मी ठरवलं, मलकापूरला जायचं. ठरवणं सोपं असतं. पहिल्या खेपेला एसटीने नांदुऱ्यापर्यंत गेले, स्टेशनवर गाडी समोर उभी राहिली, सुटली, आणि मी फलाटावरच. घरी सांगितलं, गाडी चुकली. दुसऱ्या खेपेला मलकापूरला उतरले. फलाटावरच्या बाकावर दोन तास बसून परतीच्या गाडीने आले. घरी सांगितलं, काम झालं. एका खोट्यावर दुसरं खोटं चढवायला मी आता चांगली सरावले होते.

तिसऱ्या खेपेला सकाळची पॅसेंजर होती. डब्यात भाजीवाल्या बायका, त्यांची टोपली, कोंबड्या, मेथीचा वास. मलकापूरला उतरले आणि पाय पुन्हा त्याच बाकाकडे वळले. मनाशी म्हटलं, प्रभू, मला जमत नाही. तुला जमत असेल तर तू ने. ही काही मोठी प्रार्थना नव्हती. चिडून म्हटलेलं होतं. आणि परतीची गाडी कधी आहे ते पाहायला उठले.

तेवढ्यात एक म्हातारी माळीण समोर येऊन उभी राहिली. "बाई, टोपल्याले हात लाव वं जरा." मी टोपलं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. खाली मेथीच्या जुड्यांची एक मोठी मोळी राहिली. ती म्हणाली, "अन् हे धर. माह्या कमरीत उसण भरली. कुठी जाऊन राह्यली तू?"

"कुठंच नाही," मी म्हटलं.

"मंग चाल माह्यासंगं."

मी त्या मोळीकडे पाहिलं. ओली, मातीची, माझ्या इस्त्रीच्या पातळाला लागून चिखल करणारी. शाळेची बाई म्हणून गावात माझ्या हातात पिशवीसुद्धा कुणी राहू देत नसे. पण म्हातारी वळून चालूही लागली होती, आणि मोळी माझ्या हातात होती. दुसऱ्याची भाजी फलाटावर टाकून परतीच्या गाडीत बसता येईना. मी मुकाट्याने तिच्यामागे निघाले. स्टेशनाबाहेर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेमधून, जिनिंगच्या भिंतीच्या कडेने. म्हातारी चालता चालता आपल्या सुनेबद्दल सांगत होती, ती चांगली आहे पण भाजीला मीठ जास्त घालते. एका चाळवजा वस्तीत शिरून तिने आवाज दिला, "मेथीऽऽ, घ्या वं मेथी." दोन दारं उघडली. तिसरं उघडलं, आणि हातात पितळी घेऊन सगुणा बाहेर आली.

तिने मेथीकडे पाहिलं. मग मोळी धरणाऱ्या हातांकडे. मग माझ्याकडे. केस बरेच पांढरे झाले होते तिचे. मला वाटलं दार लावेल. ती म्हणाली, "काय वं मास्तरीण, शाळा सुटली अन् मेथी विकाले लागली काय?"

मला हसूही आलं आणि रडूही. माळणीने माझ्या हातातली मोळी काढून घेतली, दोन जुड्या सगुणेच्या पितळीत टाकल्या आणि पुढच्या दारी गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. पुढे अनेकदा मलकापूरला गेले, दर वेळी सगुणेला विचारलं. ती म्हणे, "भाजीवाल्या धा येतात, तुही कोनती म्हनून सांगू?" यात चमत्कार आहे की नाही, ते मी ठरवत नाही. मी चालले एवढं मात्र खरं, आणि माझ्या पायांना त्याआधी दोनदा ते जमलं नव्हतं.

सगुणेने मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मधे सूप ठेवून मेथी निवडायला बसली. मीही समोर बसले. बोर्डिंगात असंच बसायचो. भिंतीवर वधस्तंभ होता. कोनाड्यातली तसबीरही होती, पण तिच्यापुढे आता म्हातारीची माळ नुसती ठेवलेली दिसली. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "बुढी गेली मांगच्या साली. अखेरलोक इचारे, सगुणे, तू तुह्या देवाच्या घरी काऊन नाही जात वं? मी सांगो, गाव लांब पडते, आई. कोनी मले बंद केलं हे तिले कधी मालूमच पडलं नाही. बरं झालं."

मग मी बोलले. चार वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. ओट्यावर उभी होते म्हटलं, चपला पाहिल्या म्हटलं, सगळं पाहिलं, अध्यक्षपद हवं होतं म्हटलं, तुझा हेवा वाटे, लहानपणापासून वाटे. रिकाम्या मुठीचंही सांगितलं. माझं रडं आवरेना. तिने मधे एकदाही "असू दे" म्हटलं नाही. तिने तसं म्हणावं म्हणून मी किती आसुसले होते, ते तिला दिसत असणार. तिने काड्या एका बाजूला केल्या, पानं एका बाजूला. शेवटी म्हणाली, "मले काय सांगून राह्यली? मले तं मालूमच हाय. ज्याईले मालूम नाही त्याईले सांग."

जेवू घातलं तिने. मेथीची भाजी, भाकरी, तेलातली चटणी. निघताना दारापर्यंत आली, पण माझा हात हातात घेतला नाही. मी गाडीत बसले तेव्हा मला कळलं की क्षमा मागायला गेले होते आणि त्याऐवजी काम घेऊन आले. आणि नवल असं, की कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, त्या पॅसेंजरच्या डब्यात, मी मनात बोलले आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. ऐकणाऱ्याने उत्तर काही दिलं नाही. पण तो होता.

पुढच्या तयारीच्या सभेत मी उभी राहिले. सगळं सांगितलं, जसं सगुणेला सांगितलं तसं, फक्त रडले नाही. सर डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन बसले. म्हातारा माणूस, त्यांच्या हातून निर्णय झाला होता. माझ्या शेजारच्या बाईने आपलं लुगडं माझ्या अंगापासून थोडं ओढून घेतलं. पंच बसले. सगुणेचं नाव पुन्हा यादीत घेतलं आणि तिला पत्र गेलं. मला अध्यक्षपदावरून काढलं, पोळी-रसाचं काम दुसरीला दिलं, आणि सहा महिने प्रभुभोजनातून बंद केलं. कुणी म्हणालं फार झालं, कुणी म्हणालं थोडं झालं. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "आता झोप लागते का?" मी म्हटलं, लागते. त्याने भाजी मागून घेतली.

मग तो पहिला रविवार आला. मी मागे दाराजवळ, जिथे पाहुणे आणि नवखे बसतात तिथे बसले. पूर्वी बंद झालेली माणसं त्या दिवशी घरीच राहत, लाज वाटे. मला घरी राहवेना. सगळ्यांना भाकर मिळताना दुरून पाहायची तरी होती. चार वर्षं खोटी मूठ उचलून जी भूक मी दडपली होती, ती आता उघडी होऊन बसली होती. तिसरं भजन चाललं असताना दारात सावली पडली. सगुणा. एवढ्या लांबून, गाडी, मग एसटी. पायावर धूळ, पदरावर कोळशाचे कण. पाळकसाहेबांनी तिला पाहिलं, यादी उघडली आणि मोठ्याने तिचं नाव वाचलं. पुढच्या बायकांनी सरकून तिला जागा केली. तिची जुनी जागा, पहिल्या ओळीतली. ती तिकडे गेली नाही. माझ्याजवळ आली आणि दाराशी, माझ्या शेजारी, मांडी घालून बसली.

ताटली फिरत फिरत मागे आली. पाळकसाहेबांनी खूण केली म्हणून एका बाईने ती खास सगुणेपर्यंत आणली. सगुणेने दोन्ही हातांनी ताटली घेतली, कपाळाला लावली आणि तशीच परत दिली. मी दबक्या आवाजात म्हटलं, "घे ना वं. तुहं नाव वाचलं ना."

"तुहं वाचतीन तवा घेईन," ती म्हणाली आणि भजनाचं पुस्तक उघडलं.

मी त्या दिवशी देवळात जितकी रडले तितकी आयुष्यात कधी रडले नव्हते, आणि पदर पुढे ओढला नाही. जिला मी ताटावरून उठवलं होतं ती परत आली आणि माझ्यासाठी उपाशी बसली. मलकापूरला ज्या क्षमेसाठी मी तिच्याकडे आशेने बघत होते ती तिने तोंडाने कधी म्हटलीच नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा एसटी बंद पडली म्हणून पिंपळगाव राजापासून चालत आली आणि शेवटच्या प्रार्थनेला पोचली. नवीन पाळकसाहेबांना हे सगळं विचित्र वाटे. त्यांनी दोनदा तिला समजावून पाहिलं. ती हो हो म्हणे आणि दाराशी बसे. त्या सहा रविवारी दोघी दाराजवळ, हात मांडीवर, काही न घेता. प्रभूचं नाव घेऊन मी पुष्कळ जागी बसले आहे, पुष्कळ सभांत, पुढच्या खुर्च्यांवर. त्याच्या इतकं जवळ कधीच नव्हते.

सातव्या महिन्यात माझं नाव वाचलं. दोघींनी घेतलं. पोळी जरा करपली होती.

सगुणा आता नाही. मी निवृत्त झाले, मंडळीत आता पंखे आहेत, बाकं आहेत, अध्यक्षपदाला दरवर्षी तीन-तीन नावं येतात. मी कुणाला उपदेश करत नाही. माझा तो अधिकार गेला आणि गेला तेच बरं. एवढंच वाटतं की आपण देवाच्या ताटावरची आपली जागा राखायला जिवाचा आटापिटा करतो, आणि ती सोडून दिली की मगच आपल्या शेजारी कोण येऊन बसतं ते कळतं. पहिल्या रविवारी मला आता भाकर मिळते, पेला मिळतो, आणि मी कृतज्ञतेने घेते. पण खरं विचाराल तर, घेता घेता मन ओढ घेतं ते त्या सहा महिन्यांकडे, जेव्हा मला काही मिळत नव्हतं आणि ती माझ्याजवळ बसलेली असे.